गुन्हे घटत असताना ते वाढल्याचे लोकांना का वाटते?

प्रश्न :
एफबीआयच्या आकडेवारीनुसार १९९३ ते २०२२ या काळात अमेरिकेतील हिंसक गुन्ह्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. तरीही त्याच काळातील गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या बहुतेक पाहण्यांत किमान ६० टक्के लोकांनी देशातील गुन्हे आदल्या वर्षापेक्षा वाढल्याचे सांगितले. बातम्या खोट्या नसतील, तर त्यांतून उभे राहणारे चित्र इतके चुकीचे कसे?

प्रतिसाद १ :
प्रत्येक बातमी खरी असूनही चित्र चुकू शकते, कारण जे क्वचित घडते तेच बातमी ठरते. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी केंद्रे वृद्धांवरील गुन्ह्यांची लाट आल्याचे सांगत होती. समाजशास्त्रज्ञ मार्क फिशमन यांनी पोलिसांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा वृद्धांच्या खुनांचे प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा १९ टक्क्यांनी घटलेले आढळले. वृद्धांविरुद्धच्या गुन्ह्यांत खुनांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. बातम्यांत मात्र तो २८ टक्के होता. एका संपादकाने विषय उचलला की इतरही त्याच साच्यात बसणाऱ्या घटना शोधू लागतात, आणि त्या पुरवणारे पोलीस खाते सर्वांचे एकच असते. खोटे कोणी लिहिले नाही, तरी लाट आली.

प्रतिसाद २ :
जास्त वेळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांना जग अधिक धोकादायक वाटते, असे माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकात मांडले. त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो : मुळातच भ्यालेली माणसे घरात बसून जास्त पाहत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? मात्र त्याच गॅलप पाहण्यांत लोक आपल्या परिसराविषयी देशाइतके निराश नसतात, हे बोलके आहे. परिसराची पारख स्वतःच्या अनुभवावर करता येते; देश मात्र बहुतांशी बातम्यांतूनच दिसतो.

प्रतिसाद ३ :
पोलिसांच्या आकड्यांवरही इतका भरवसा नको. अमेरिकेत १९७३ पासून थेट नागरिकांना विचारून केल्या जाणाऱ्या पाहणीत असे दिसते की, हिंसक गुन्ह्यांपैकी निम्म्याच्या आसपास पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत. (घट मात्र त्या पाहणीतही दिसते, त्यामुळे मूळ प्रश्न कायम राहतो.) कौटुंबिक हिंसेसारख्या दडपल्या जाणाऱ्या गुन्ह्यांबद्दल माध्यमांनी लिहिल्यावर तक्रारी वाढल्या, तर नोंदींचा आकडा चढतो, आणि ती वाढ वाईट म्हणता येत नाही. मला अधिक खटकते ते वेगळेच : अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, पण त्याच माणसाची पुढे निर्दोष सुटका झाली तर ती बहुधा आतल्या पानावरच्या दोन ओळींत आटोपते.