कॅम्पिलोबॅक्टर उपसालिएन्सिस : मूल आणि पाळीव पिल्लू यांच्या नमुन्यांतून जातीची ओळख व प्रकारनिश्चिती

प्रश्न : प्रयोगशाळा_मराठवाडा

नमस्कार. तीन वर्षांच्या एका मुलाला बरेच दिवस जुलाब होत आहेत आणि घरी नुकत्याच आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लालाही तोच त्रास आहे. मुलाच्या शौचाच्या ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या चाचणीत) बारीक, वळणदार ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू दिसले. बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतलेल्या मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनेलचा (एकाच वेळी अनेक जंतूंची जनुके शोधणाऱ्या चाचणीचा) अहवाल ‘कॅम्पिलोबॅक्टर आढळला’ एवढाच आला, म्हणजे जुलाब घडवू शकणाऱ्या जिवाणूंचा गट कळला, जात नाही. मात्र आमच्याकडे कोळसायुक्त सीसीडीए प्लेटवर (कॅम्पिलोबॅक्टर वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमावर) ४२ अंश सेल्सिअसला ४८ तासांत काहीही वाढले नाही. हा त्या गटातील, कुत्र्यांत आढळणारा उपसालिएन्सिस असू शकेल का? असल्यास तो कसा वाढवावा, आणि मुलाचा व पिल्लाचा जिवाणू एकच आहे असे कशाच्या आधारावर म्हणता येईल?

उत्तर : जिवाणू_निरीक्षक

शक्यता चांगली आहे, आणि प्लेट कोरी राहिली यावरून शंका बळावतेच. सीसीडीएमध्ये सेफोपेराझोन या सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरला ३२ मिलिग्रॅम असते. जेजुनी आणि कोलाय या कॅम्पिलोबॅक्टरच्या नेहमी आढळणाऱ्या जाती ते सोसतात, पण उपसालिएन्सिसचे अनेक नमुने सेफॅलोस्पोरिनांपुढे टिकत नाहीत. म्हणजे इतर जिवाणूंना आवर घालण्यासाठी घातलेले औषध नेमके हव्या त्या जिवाणूलाच मारते. १९८३ मध्ये स्वीडनमध्ये कुत्र्यांच्या विष्ठेतून हा गट प्रथम वर्णिला गेला, तरी रुग्णालयांच्या नेहमीच्या तपासणीत तो क्वचितच सापडतो, याचे एक मोठे कारण हेच असावे.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सेफोपेराझोन ८ मिलिग्रॅमवर आणून टायकोप्लॅनिन (प्रतिजैविक) व अँफोटेरिसिन (बुरशीरोधक) घातलेले ‘कॅट’ नावाचे माध्यम. दुसरा, मला अधिक पटणारा, केप टाउनच्या बालरुग्णालयात रुळलेला गाळणीचा मार्ग. प्रतिजैविकविरहित ब्लड अगारवर (रक्त मिसळलेल्या माध्यमावर) सच्छिद्र पटल ठेवावे, त्यावर शौचाच्या द्रावणाचे काही थेंब सोडावेत आणि थोड्या वेळाने पटल उचलून टाकावे. हे बारीक, चपळ जिवाणू पोहत छिद्रांतून खाली उतरतात. बाकीची गर्दी वरच राहते. त्यानंतर ३७ अंशांवर, अल्प ऑक्सिजन आणि शक्य असल्यास हायड्रोजन मिसळलेल्या वातावरणात प्लेट चार ते सहा दिवस ठेवावी; ४८ तासांत ती टाकून देऊ नये. नमुन्यात जिवाणू फारच कमी असतील तर मात्र गाळणी अपुरी पडते, म्हणून दोन्ही मार्ग एकत्र वापरणे बरे.

ओळखीसाठी वाढलेल्या जिवाणूवर नेहमीच्या रासायनिक चाचण्या करा. आधी कॅटलेज पाहा : तो नकारात्मक किंवा अगदी क्षीण येतो. ऑक्सिडेज सकारात्मक, हिप्पुरेट नकारात्मक आणि इंडॉक्सिल अॅसिटेट सकारात्मक असे चित्र जुळले, तर संशय पक्का होत जातो. मात्र १९९२ मध्ये वर्णिलेला, मांजरांत आढळणारा कॅम्पिलोबॅक्टर हेल्व्हेटिकस या चाचण्यांत जवळजवळ असाच वागतो. त्यामुळे घरात मांजर असेल तर निर्णय जनुकीय चाचणीवरच सोडावा.

उत्तर : पशुवैद्य_कोल्हापूर

पिल्लाच्या बाजूने एक सावधगिरी सुचवतो. डेन्मार्कमध्ये २६ तरुण पाळीव कुत्र्यांच्या विष्ठेची दीर्घकाळ नियमित तपासणी झाली, तेव्हा मिळालेल्या कॅम्पिलोबॅक्टरपैकी सुमारे तीन चतुर्थांश उपसालिएन्सिसच होते. कुत्रा पूर्ण निरोगी असूनही कित्येक महिने हा जिवाणू टाकत राहू शकतो. म्हणून पिल्लाच्या विष्ठेत तो सापडला, एवढ्यावरून पिल्लाचे जुलाब त्यामुळेच आहेत असे ठरत नाही. जंत, जिआर्डिया (आतड्यातील परजीवी) आणि पार्व्हो (विषाणू) आधी वगळावेत. त्याला घाईने प्रतिजैविक देऊ नये, अशी विनंती.

प्रयोगशाळा_मराठवाडा

दोघांचेही आभार. पॅनेलच्या अहवालात जात का लिहिलेली नाही, आणि दोन्हीकडे उपसालिएन्सिसच निघाला तर मुलाला तो पिल्लाकडूनच आला असे अहवालात लिहावे का, एवढे सांगावे.

उत्तर : जनुकक्रम

काही व्यावसायिक पॅनेल जेजुनी, कोलाय आणि उपसालिएन्सिस या तिघांना एकाच निकालात मोजतात, काहींत उपसालिएन्सिस समाविष्टच नसतो. आपला संच कोणत्या जाती पकडतो, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

जात एक निघाली म्हणून स्रोत एक ठरत नाही. इतक्या कुत्र्यांत आढळणारी जात योगायोगानेही दोन्हीकडे सापडेल. त्यासाठी सात नित्यकार्यी (पेशीच्या रोजच्या कामाच्या) जनुकांच्या क्रमावरून एकाच जातीतील उपप्रकार ओळखणारी एमएलएसटी पद्धत आहे. उपसालिएन्सिस व हेल्व्हेटिकससाठी ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचे प्रकार वेगळे निघाले तर प्रश्न जवळजवळ मिटतो. सारखे निघाले, तर मात्र संपूर्ण जनुकसंच वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण एखादा प्रकार त्या भागातील अनेक कुत्र्यांत असू शकतो. संपूर्ण जनुकसंच जुळला तरी संसर्गाची दिशा त्यातून कळत नाही, म्हणून अहवालात ‘निकटसंबंधित’ एवढेच लिहावे आणि पिल्लू कधी आणले, जुलाब आधी कोणाला लागले, ही माहिती सोबत जोडावी.

प्रत्येक नमुन्यातून एकच कॉलनी (प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका) उचलू नका, चार-पाच उचला. एका कुत्र्याच्या आतड्यात एकाहून अधिक प्रकार एकाच वेळी असू शकतात. उचललेल्या कॉलन्या लगेच ग्लिसरॉलयुक्त ब्रॉथमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. हा जिवाणू प्लेटवर फार दिवस जिवंत राहत नाही, आणि संदर्भ प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो मेलेला असेल तर पुढचे काम अडते.