युती, सलोखा की साटेलोटे?

प्रश्न : पहिल्या महायुद्धावर शाळेसाठी मजकूर लिहिते आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा १८८२ चा करार आणि ब्रिटन-फ्रान्सचा १९०४ चा करार, दोन्हींना मी 'युती' लिहिलं होतं. मैत्रिणीने दुसरी 'युती' खोडून समासात प्रश्नचिन्ह काढलं. मूळ फ्रेंच शब्द 'आंतांत'. मराठीत काय म्हणावं?

पहिला प्रतिसाद : मैत्रिणीचं बरोबर आहे. अशा युतीत अमक्या परिस्थितीत मी तुझ्या बाजूने लढायला येईन असं कलम असतं. १८८२ मध्ये ते होतं, फ्रान्स-रशियाच्या १८९४ च्या करारातही होतं. १९०४ च्या कागदांत लढायला येण्याबद्दल एक शब्द नाही. आहे काय, तर इजिप्त, मोरोक्को, सयाम, मादागास्कर, अगदी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची मासेमारी! मी 'सलोखा' म्हणेन. आधी भांडण असेल तिथेच हा शब्द शोभतो, आणि भांडण होतंच. १८९८ मध्ये सुदानात, नाईलकाठच्या फाशोदा ठाण्यावर मार्शांची फ्रेंच तुकडी आणि ब्रिटिश सेनानी किचनरचं सैन्य समोरासमोर आलं होतं. तेवढ्या एका ठाण्यापायी दोन्ही देश युद्धाच्या तोंडाशी गेले.

दुसरा प्रतिसाद : सरळ 'साटेलोटे' म्हणा. ब्रिटनचं फ्रान्सला म्हणणं एवढंच, इजिप्तमध्ये तू आड येऊ नकोस, मोरोक्कोत मी येत नाही. गुप्त कलमंही होती, ती १९११ मध्ये उघड झाली.

तिसरा प्रतिसाद : साट्यालोट्यात दोन्ही घरं आपापली मुलगी देतात. आपल्याकडच्या 'सलोखा योजने'तही शेतकरी आपापल्या नावावरची जमीनच एकमेकांना देतात. इथे जे दिलं-घेतलं ते तिसऱ्याचं होतं. मोरोक्कोच्या सुलतानाला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून 'सलोखा' मला फार गोड वाटतो. 'समझोता' बरा, त्यात सौदा ऐकू येतो.

पहिला प्रतिसाद (पुन्हा) : पटलं, समझोताच. पण शब्द तोच राहिला आणि आतला अर्थ बदलत गेला, हे मुलांना जरूर सांगा. हा समझोता मोडावा म्हणून जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म १९०५ मध्ये मोरोक्कोतल्या तांजियरला उतरला. १९११ मध्ये जर्मनीने मोरोक्कोतल्याच अगादिरला 'पँथर' ही युद्धनौका धाडली. दोन्ही वेळा झालं उलटंच, गाठ आणखी घट्ट बसली. ब्रिटन-फ्रान्सचे सेनाधिकारी आपसात बोलू लागले. १९१२ पर्यंत फ्रान्सने आपल्या आरमाराचा भर भूमध्य समुद्रात हलवला, उत्तर किनारा ब्रिटनच्या भरवशावर. तरी १९१२ च्याच नोव्हेंबरात ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी फ्रेंच राजदूत कांबाँ यांना लिहून दिलं, की ही बोलणी दोघांपैकी कुणालाही बांधत नाहीत. आणि २ ऑगस्ट १९१४ ला त्याच कांबाँना त्याच ग्रे यांनी शब्द दिला, जर्मन आरमार इंग्लिश खाडीत उतरलं तर आमचं आरमार तुमच्या मदतीला येईल. दोन दिवसांनी, बेल्जियमवर हल्ला झाल्यावर, ब्रिटन युद्धात उतरलंच. उलट युतीवर सही केलेला इटली १९१४ मध्ये बाजूला राहिला आणि मे १९१५ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच लढायला उभा राहिला. माझ्या मते हे दोन प्रसंग शेजारीशेजारी छापावेत.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. १८८२ पुढे 'युती', १९०४ पुढे 'समझोता' असं लिहिते. १९०७ च्या ब्रिटन-रशिया करारालाही 'समझोता'च लिहीन. त्यात इराणचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पाडले होते, आणि इराणलाही कुणी विचारलं नव्हतं.