प्रति: उन्हाळ्यात व्हीलचेअरवाल्यांचा सराव का सुटतो?

मणक्याच्या दुखापतीनंतर मैदानावर येऊ लागलेली मुलं एप्रिलात गायब होतात, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. त्यांना आळशी ठरवण्याआधी घामाचं बघा. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर खालच्या अंगाला घाम नीट येत नाही, अंग तापतच जातं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. घामच नाही तर थंडावा येणार कुठून? सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, म्हणून सराव सकाळी आठच्या आत उरका. आपला सोलापुरी टॉवेल ओला करून मानेभोवती ठेवा, स्प्रेच्या बाटलीने तोंडावर-दंडांवर पाणी मारत राहा. मळमळ, डोकेदुखी वाटली की थेट सावलीत.

पोहणाऱ्यांनी तलावाच्या खरबरीत काठावरून घसटत उतरू नये. संवेदना नसल्यावर खरचटलेलं कळत नाही, आणि तीच जखम चिघळली की महिनोन्‌महिने अंथरूण. काठावर योगा मॅटची दुहेरी घडी टाका. घरी आरशात माकडहाड, टाचा तपासा.

रॅम्पचं म्हणाल तर १५ सेंमी उंच पायरीला किमान १८० सेंमी लांबीचा उतार लागतो. नुसती फळी टाकली की चढताना खुर्ची मागे उलटते. मैदानावर रॅम्प मागायच्या अर्जात दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ३० लिहा; ते क्रीडासुविधांबद्दलच आहे.