सूत्रपाठात महदाइसा शोधायची कशी?

पोथीवाचक: महानुभाव पंथातल्या महदाइसेचं नाव निघतं ते 'धवळ्यां'मुळे, म्हणजे तिने रचलेल्या लग्नगीतांमुळे, आद्य मराठी कवयित्री म्हणून. तिचं तत्त्वचिंतन मांडायचं तर आधार कशाचा घ्यावा? सूत्रपाठात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या वचनांच्या संग्रहात, तर ती दिसतच नाही.

बोरू: दिसणार नाहीच. केशोबासांनी लीळांतून, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींतून, सर्वज्ञांची (चक्रधरांचीच) वचनं तेवढी वेचून प्रकरणवार लावली. कोणी काय विचारलं होतं, ते मागे राहिलं. तेव्हा उलटं चालायचं. सूत्र घ्या, 'प्रकरणवशा'त त्याचा प्रसंग पाहा, तिथून लीळाचरित्रातली लीळा गाठा. सूत्रपाठातली 'विचार' आणि 'आचार' ही प्रकरणं आधी घ्या. वहीत चार रकाने पाडा: सूत्र, लीळा, पुसणारा (म्हणजे विचारणारा), प्रश्नाचे शब्द. सरसकट नियम वाटणारं सूत्र कधीकधी एकाच माणसाच्या अडचणीवरचं उत्तर निघतं. चौथा रकाना त्यासाठीच आहे, तो गाळू नका.

रिद्धपूरकर: लीळेचा क्रमांक आवृत्तीशिवाय लिहू नका. लीळाचरित्राच्या कोलते (१९७८) आणि तुळपुळे यांच्या आवृत्त्यांतले आकडे जुळत नाहीत, आणि मग महिन्याभराने स्वतःचीच टिपणं लागत नाहीत. सूचीत महदाइसा, महदंबा, रूपाइसा अशी तिची तिन्ही नावं बघा. मजकुरात 'महदाइसीं' अशी विभक्तीची रूपंही येतात. नुसतं 'म्हातारी' दिसलं की ती महदाइसाच असं मात्र धरू नये, मागचापुढचा प्रसंग वाचा.

बोरू: बरोबर, तिथे बरेच जण फसतात.

शंकेखोर: पण प्रश्न तिचा म्हणून शब्दही तिचे कसे? लीळाचरित्र लिहून काढलं म्हाइंभटांनी, १२७८च्या सुमारास, चक्रधरस्वामी गेल्यानंतर.

रिद्धपूरकर: शब्दांवर भर देऊच नये. पहिल्या उत्तरानं तिचं समाधान न होता ती पुन्हा कुठे पुसते, त्या जागांवर खूण करा. युक्तिवाद तिथे उघडा पडतो. 'धवळे' ही तिची स्वतःची रचना, ती वेगळी ठेवा. आणि स्मृतिस्थळातला, म्हणजे नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथातला, तो प्रसंग जोडीला वाचाच: केशवदेव (म्हणजे केशोबासच) संस्कृतात लिहायला निघतात आणि चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य अडवतात, 'येणें माझिया म्हातारिया नागवतील' (याने माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील). ग्रंथ मराठीत राहावा याचं कारणच या बायका!

पोथीवाचक: आणि पाठभेद?

रिद्धपूरकर: लीळाचरित्राची मूळ पोथी हरवल्यावर आठवणीतून जे पाठ उभे राहिले त्यात एक हिराइसाचा. कोलत्यांच्या तळटिपांपासून सुरुवात करा.