ओल्या हिवाळ्यासाठी माउंटन बाइकचे टायर : नॉब उंच हवेत की रबर मऊ हवे?

प्रश्न

माझी सायकल २९ इंची चाकांची ट्रेल बाइक आहे. रिमची आतली रुंदी ३० मिलिमीटर असून दोन्ही चाकांना २.४ इंची, कमी उंचीच्या आणि दाट नॉबचे (म्हणजे टायरच्या पृष्ठभागावरील रबरी उंचवट्यांचे) टायर आहेत. कोरड्या दिवसांत त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. पण थंडी आणि पाऊस एकत्र सुरू झाल्यापासून दोन अडचणी येत आहेत. चिकण मातीच्या पट्ट्यात टायरवर मातीचा थर चढतो आणि तो फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या) कमानीला घासू लागतो. गेल्या आठवड्यात तर चाक फिरेनासे झाले आणि काडीने माती खरवडून काढावी लागली. दुसरी अडचण मुळांची. झाडीतल्या उतारावर आडव्या ओल्या मुळावरून पुढचे चाक असे सटकले की ब्रेकला हात लावायलाही वेळ मिळाला नाही. दोन्ही चाकांना खास चिखलाचे टायर घ्यावेत असे मनात आहे, परंतु परतीचे पाच किलोमीटर पक्क्या रस्त्याचे आहेत. सामानासह माझे वजन ७८ किलो असून पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाब ठेवतो. टायर ट्यूबलेस आहेत, म्हणजे आत ट्यूब नसून छिद्रे बुजवणारा सीलंट द्रव आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण दोन अडचणी एकाच कारणाच्या खात्यावर टाकल्या आहेत, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. चिकण मातीत टायरला दोन कामे करावी लागतात : वरचा रेंदा भेदून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचणे आणि चाक फिरताना नॉबच्या मधली माती बाहेर भिरकावणे. त्यासाठी नॉब उंच आणि एकमेकांपासून लांब हवेत. ओल्या मुळात मात्र कोणताही नॉब रुतत नाही, मग तो कितीही टोकदार असो. तिथे पकड मिळते ती रबर मुळाच्या खडबडीत पृष्ठभागाला किती बिलगते यावर, म्हणजे ते किती मऊ आहे आणि दबल्यानंतर किती सावकाश पूर्ववत होते यावर. थंडीत रबर आणखी ताठरते, त्यामुळे उन्हाळ्यात ठीक वाटलेला टायर हिवाळ्यात त्याच मुळावर परका वाटू लागतो.

म्हणूनच श्वाल्बे कंपनीच्या डर्टी डॅनसारखा निव्वळ चिखलाचा टायर मी आपल्याला सुचवणार नाही. त्याचे खिळ्यांसारखे नॉब रेंद्यात उत्तम चालतात, पण मुळावर किंवा दगडावर एका वेळी मोजकेच नॉब टेकतात, तेही उंच असल्याने वाकतात, आणि पक्क्या रस्त्यावर तर सायकल कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते. (डाउनहिलचे स्पर्धक अशा टायरचे नॉब कटरने छाटून बुटके करत आले आहेत, ते याचसाठी.) आपल्याला मधला प्रकार हवा : मॅक्सिस कंपनीचा शॉर्टी किंवा श्वाल्बेचा मॅजिक मेरी. नॉबमधली जागा मोकळी, पण नॉब भक्कम बुडाचे.

टायरच्या नावापेक्षा त्यावरचे रबराचे नाव अधिक काळजीपूर्वक वाचावे, कारण एकच टायर तीन-चार रबरांत मिळतो आणि दुकानात बहुधा त्यातला कडक प्रकार समोर येतो. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप सर्वांत मऊ, त्यानंतर मॅक्सटेरा. श्वाल्बेच्या ॲडिक्स मालिकेत जांभळी रेघ असलेले अल्ट्रा सॉफ्ट सर्वांत मऊ आणि नारिंगी रेघेचे सॉफ्ट त्याखालोखाल. सर्वांत मऊ रबर पुढच्याच चाकाला लावावे. मागचे चाक सरकले तर बहुधा सावरता येते. पुढचे सरकले की काय होते, ते आपण अनुभवले आहेच. मागे मध्यम रबराचा, मॅक्सिसचाच डीएचआर टू हा टायर पुरेल. तो लवकर झिजणार नाही आणि रस्त्यावर दमवणारही नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, फक्त रुंदीची भर घालतो. टायरवरचा २.४ हा आकडा पाहून जागेचा अंदाज बांधू नये. रुंद रिमवर टायर पसरतो, आणि उंच नॉबमुळे त्याचा घेर वाढून फोर्कच्या कमानीखालची जागा कमी होते. टायर आणि कमान यांच्यामध्ये करंगळी सहज फिरत नसेल, तर नॉब कितीही मोकळे असले तरी माती अडकणारच. अशा वेळी २.३ ते २.३५ इंची टायर घ्यावा. थोडा अरुंद टायर रेंदा कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगतो. मागच्या बाजूला चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या खालच्या नळ्यांच्या) मधली जागाही तपासावी.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. कमानीखाली करंगळी जेमतेम जाते, म्हणजे २.३५ च घ्यावा लागेल. आता दाबाविषयी विचारतो. ओल्यात दाब कमी करावा असे सगळेच सांगतात, पण किती?

प्रतिसाद ३

आधी आपला दाब खरोखर २४ असतो का, ते पाहावे. घरात २० अंश तापमानाला २४ पीएसआय भरून सायकल ५ अंशांच्या थंडीत नेली, की आतली हवा आकसून दाब सुमारे २२ वर येतो. हे गणित वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब मिळवून, म्हणजे ३८.७ वरून करावे लागते. नुसत्या २४ वरून केले तर घट दोनऐवजी सुमारे सव्वा पीएसआयच दिसते आणि माणूस फसतो. म्हणजे आपण नकळत दोन पीएसआय आधीच कमी केलेले असू शकतात, आणि त्यावर आणखी तीन कमी केले तर रिम दगडावर आपटू लागेल.

थंडीत बाहेर उभे राहूनच दाब मोजावा, आणि नेहमी एकाच गेजने, कारण दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात. मग एकेक पीएसआय कमी करत त्याच मुळांच्या पट्ट्यातून दोन-तीनदा जावे. वळणावर टायर रिमखाली डोलतो आहे असे वाटले, किंवा रिमचा ठणका हाताला जाणवला, की एक पीएसआय परत भरावा. पातळ साइडवॉलचा (बाजूच्या भिंतीचा) टायर असेल तर ही सीमा लवकर येते. म्हणून मागचा टायर थोड्या जाड केसिंगचा (रबराखालच्या कापडी थराचा) असावा, वजन वाढले तरी चालेल.

नवे टायर बसवताना बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा. सीलंटही नवे घालावे. जुने बहुधा सुकलेले असते. चाक कानाजवळ हलवून आत द्रव खळखळतो का ते ऐकले तरी कळते.

प्रश्नकर्ता

आजच मोजून पाहिले. घरात २४ भरलेले पुढचे चाक तासभर बाहेर ठेवल्यावर २२ च्या किंचित वर आले. चाक हलवले तर काहीच ऐकू आले नाही. टायर उतरवल्यावर आत सीलंटचा सुकलेला पापुद्रा आणि त्याचे दोन-तीन गोळे निघाले. सध्या पुढचा टायर तेवढा बदलतो आहे, सर्वांत मऊ रबराचा आणि २.३५ इंची. मागचा असलेला झिजेपर्यंत वापरीन.