९०० फोटोंसाठी दोन झिऑनचा डबा घ्यावा का एकच रायझन? बजेट ७५ हजार

शेततळं_जालना
नमस्कार मंडळी. ड्रोन सर्व्हेचं काम करतो, शेततळी, पाझर तलाव, शिवाराचे नकाशे असलं. सध्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर ओपनड्रोनमॅप (ओडीएम, ड्रोनचे फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर) चालवायलोय. मागच्या आठवड्यात अंबडकडच्या एका शिवाराचे ९०० फोटो लावून झोपलो, रात्रभर पंखा बोंबलत होता आणि सकाळी बघतो तर मेमरी संपली म्हणून काम मधीच मेलेलं. आता डेस्कटॉपच घ्यायचा ठरवलंय. एक जुना वर्कस्टेशन मिळायलाय, इंटेलचे सर्व्हरवाले दोन प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४, १२८ जीबी रॅम, ६८ हजार म्हणतो. दोन प्रोसेसर म्हणलं की मन लई ओढ घेतंय, पण मित्र म्हणतो येड्यासारखं भंगार घेऊ नको. काय करू?

मांजराकाठ
लातूरहून. घ्या बिनधास्त. मी तीन वर्षं अशीच जोडी वापरायलोय, सर्व्हेच्याच कामाला. एकेक प्रोसेसर १४ कोर (आतले काम करणारे) २८ थ्रेडचा (एका कोरला दोन कामं), म्हणजे दोन्ही मिळून २८ कोर ५६ थ्रेड, आणि रॅमसाठी बोर्डावर जागाच जागा. ई५-१६०० वाला मात्र कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, नंबरातला पहिला आकडा १ म्हणजे तो एकट्यानंच चालणार, जोडीला २६०० मालिकाच लागते. दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. आणि रॅमच्या कांड्या दोन्हीकडं सारख्या लावा, ४ इकडं ४ तिकडं, कारण प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी असते, सगळी एकाच्या अंगाला लावली तर दुसरा प्रत्येक वेळी शेजाऱ्याकडं साखर मागायला जातो.

सिडको_एन७
दादा तुमचं चालतंय म्हणून सगळ्यांना तेच गळ्यात घालू नका. व्ही४ म्हणजे २०१६ चा माल, टर्बो लागला तरी ३.३ गिगाहर्ट्झ. एएमडीचा २०२० चा प्रोसेसर रायझन ९ ५९५०एक्स घ्या, १६ कोर, ४.९ पर्यंत जातो, आणि बऱ्याच कामात त्या २८ कोरच्या पुढं निघून जातो. कोर मोजत बसलात तर फसाल. सोयाबीन कापायला २८ माणसं लावली तरी मळणीयंत्र एकच असलं की सगळे बांधावर बसूनच राहतेत ना, तसं आहे हे, फीचर मॅचिंगला (फोटोंतल्या सारख्या खुणा जुळवायला) सगळे कोर धावतेत पण नंतरच्या काही टप्प्यांत एक-दोनच कोर काम करतेत आणि तिथं जुना झिऑन रडतो. वर वीज. त्या दोघांचा टीडीपी (भरात असताना निघणारी उष्णता, वॅटमध्ये) प्रत्येकी १२० वॅट, झाले २४०, रायझनचा १०५. नुसतं चालू ठेवलं तरी जोडीचा डबा १०० वॅट जास्त खातो असं धरा, रोज १० तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला ३०.

मांजराकाठ
३० युनिटचं काय घेऊन बसलात ओ, एका नकाशाच्या बिलात वर्षाचं निघतं. तुमच्या ५९५०एक्सला १२८ जीबी टाकून दाखवा ७५ हजारात. सध्या रॅमचे भाव बघितलेत का? मला जी सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी रॅम मिळाली ती साध्या बोर्डात चालतच नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक कमी आणि म्हणूनच ती स्वस्त.

जुना_सेलेरॉन
हे भांडण बघून १९९९ आठवलं. अबिटचा बीपी६ बोर्ड आला होता, त्यात साधे दोन सेलेरॉन बसायचे. ३६६ मेगाहर्ट्झचे घ्यायचे, बोर्डाच्या बसचा वेग ६६ चा १०० करायचा, ५५० वर पळायचे. परभणीत आमच्या एका मित्रानं मुंबईहून मागवला, आम्ही चार जण सायकलीवर बघायला गेलो आणि त्यानं त्यात विंडोज ९८ टाकलं होतं! ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही, एनटी किंवा २००० लागायचं. पठ्ठ्या दोन महिने एकाच प्रोसेसरवर चालवून सगळ्यांना म्हणत होता, फरक जाणवतो म्हणून.

तुम्हालाही तेच सांगतो शेततळंवाले, विंडोज होम एकच सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) धरतं, दोनाला प्रो लागतं. आणि व्ही४ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं काम उबुंटूवर (फुकटच्या लिनक्सवर) होत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ६८ हजारात पुढची डोकेदुखी पण धरा.

शेततळं_जालना
ओडीएम उबुंटूवरच चालवतो काका, त्याची चिंता नाही. हे सगळं वाचून एक आयडिया आली, रिकामा बोर्ड घेऊन आत्ता एकच प्रोसेसर टाकतो आणि दुसरा दिवाळीला, जमेल का? पैसे पण तुटतेत.

गोदाकाठ_नांदेड
चालू होईल, पण दुसऱ्या सॉकेटला जोडलेले रॅमचे स्लॉट आणि काही पीसीआय स्लॉट मेलेलेच राहतेत, ग्राफिक कार्ड नेमकं तिथं लावलं तर स्क्रीनच येत नाही. आणि रिकामा बोर्ड घेणार असाल तर माझी कथा ऐका आधी. मी सेकंडहँड दोन सॉकेटचा बोर्ड घेतला, दुकानदाराचं नाव कशाला. १६ च्या आठ कांड्या लावल्या, दिसायली ११२. कांड्या अदलून बदलून बघितल्या, दर वेळी ११२ च. तिसऱ्या दिवशी पहिला प्रोसेसर काढला, मोबाईलची बॅटरी तिरकी धरून सॉकेटात बघतो तर कोपऱ्यातली एक पिन शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली. या सॉकेटात २०११ पिना, आणि सगळ्या बोर्डावर, प्रोसेसरवर एकही नाही. शिसं काढलेल्या पेन्सिलीचं नळकांडं त्या पिनेत घालून हळूच उभी केली, बायकोला बॅटरी धरायला लावली होती, तिनं श्वासपण घेतला नाही. १२८ दिसली. पण एक पिन तुटली असती तर बोर्ड कचऱ्यात. म्हणून सांगतो, डबा घ्या नाही तर नका घेऊ, पण पैसे देण्याआधी चालू करून पूर्ण रॅम दिसते का ते डोळ्यानं बघा.

सिडको_एन७
हेच म्हणायलोय मी. नवीन घेतलं की वॉरंटी, ही पेन्सिलीची सर्कस नको.

बालाघाट_बीड
सर्कस सोडा, पॉवर सप्लायचं कुणीच बोलेना. दोन प्रोसेसरला आठ पिनाच्या दोन वेगळ्या केबल लागतेत आणि साध्या एसएमपीएसला बऱ्याचदा एकच असते. ब्रँडेड वर्कस्टेशनात तर सप्लाय त्यांच्याच आकाराचा, जळाला की बाजारातला बसत नाही. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर विसरा, तो साधारण ३६० वॅट, हा डबा फुल लोडला ग्राफिक कार्डासकट त्याच्या पुढं जातो. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं दुपारी पत्र्याखाली ४२ डिग्री असते, तवा दोन हीटसिंक आणि १२० वॅट, १२० वॅट. फुटाणे भाजून निघतील.

सिडको_एन७
आता मूळ प्रश्न. ओडीएमच्या स्वतःच्या कागदात साधारण हिशेब दिलाय, १५०० फोटोंना ६४ जीबी, २५०० ला १२८. तुमचे ९००. म्हणजे ६४ मध्ये निवांत. त्यातूनही मोठं काम आलं तर स्प्लिट करून तुकड्या-तुकड्यात चालवता येतं, वेळ जातो पण होतं. ६४ जीबीचा रायझन तुमच्या ७५ मध्ये खेचून बसेल, जुना प्रोसेसर घेतला तर. १२८ साठी दोन सॉकेटचा हट्ट कशाला.

मांजराकाठ
९०० आजचे आहेत. पुढच्या वर्षी पूर्ण गावशिवाराचं काम मिळालं की २४०० होतील. स्प्लिट केलेल्या तुकड्यांच्या शिवणीत उंचीचा फरक पडतो कधी कधी, पाझर तलावाच्या कामात तेवढा फरक महागात पडतो. मी केलंय म्हणून सांगतोय. मात्र एक कबूल करतो, मेशच्या (थ्रीडी जाळी विणायच्या) टप्प्यात माझा डबा सुस्त आहे, २८ पैकी २ कोर पळतेत आणि बाकीचे तंबाखू मळत बसतेत.

सिडको_एन७
आलात ना बांधावर.

मांजराकाठ
बांधावर आलोय, पण शेत तुमच्या नावावर केलेलं नाही.

जुना_सेलेरॉन
दोघं पण बरोबर आहात आणि दोघंही पोराला उत्तर देईनात. त्याचं काम त्याच्याच फोटोंवर मोजून बघा की. कुणाकडं जोडी आहे, कुणाकडं रायझन आहे, तेच ९०० फोटो दोन्हीकडं लावा.

सिडको_एन७
माझ्याकडं ५९५०एक्स आहे, ६४ जीबी. आणा.

शेततळं_जालना
दोघांचेही लई उपकार होतील. संभाजीनगर तासा-दीड तासावर आहे, तिथं शनिवारी येतो. लातूरला पुढच्या आठवड्यात मामाकडं लग्न आहे, तेव्हा मांजराकाठ दादा तुमच्याकडं. त्या ६८ वाल्याला दहा दिवस थांब म्हणलोय, तो म्हणायलाय आत्ताच घ्या नाही तर पुण्याचं गिऱ्हाईक आहे.

गोदाकाठ_नांदेड
पुण्याचं गिऱ्हाईक प्रत्येक जुन्या डब्याला असतं. थांबवा त्याला.

मांजराकाठ
या की. फोटो हार्डडिस्कवर आणा, पेनड्राइव्हवर नको, कॉपी व्हायलाच जेवण होईल. दोन्हीकडं सेटिंग एकच ठेवा, नाही तर सिडकोवाले नंतर म्हणतील आम्ही रिझोल्यूशन कमी केलं. आणि सकाळी लवकर या, दुपारी ३ ते ५ आमच्या गल्लीत लाईट नसते.