ऑर्लँडो डिस्ने: आतलं हॉटेल घ्यावं का बाहेर घर? सहा जण आहोत

चिमणी_पाखरं

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये पहिल्यांदाच ऑर्लँडोला जातोय आणि गेले दोन आठवडे घरात फक्त हॉटेल हाच विषय चाललाय. आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, आणि सासू-सासरे, असे सहा जण. सात रात्री आहेत, चार दिवस डिस्नेला आणि दोन दिवस युनिव्हर्सलला (तिथलंच दुसरं थीम पार्क) द्यायचे असं ठरतंय.

ह्यांचं म्हणणं बाहेर राहू, किसिमीला तीन बेडरूमचं घर मिळतंय, स्वयंपाकघर आहे, गाडी तर भाड्याने घेणारच आहोत. मला वाटतं एवढ्या लांब जाऊन रोज गाडी काढा, पार्क करा हे नको, डिस्नेच्याच हॉटेलात, आतच राहू, म्हणजे हॉटेलातून बाहेर पडलं की समोर पार्क. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, आणि मुलगी दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी खूप रडते. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी प्लीज मनापासून सांगा, आतल्या हॉटेलला जास्त पैसे मोजण्यात खरंच अर्थ आहे का?

सई_आणि_कंपनी

ताई, मी दोन्ही केलंय, एकदा बाहेर आणि तीन वर्षांनी आत, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते कारण माझाही तोच होता. आत म्हणजे पार्कच्या समोर नव्हे. डिस्नेची ती जागा साधारण शंभर चौरस किलोमीटरची आहे, चार वेगवेगळी पार्क आहेत (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम) आणि हॉटेलं सगळीकडे पसरलेली. मॅजिक किंगडमला चालत जाता येईल असं कंटेम्पररी आहे, मोनोरेलवर पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन आहेत, पण ही सगळी महागातली. ऑल-स्टार वगैरे स्वस्तातल्या हॉटेलांमधून प्रत्येक पार्कला बसनेच जावं लागतं. म्हणजे नुसतं "आत" बघू नका, कुठलं हॉटेल आणि तिथून पार्कला काय जातं ते बघा.

आता माझा अनुभव. पहिल्या वेळी बाहेरच्या हॉटेलात होतो, नाव घेत नाही, जाहिरातीत "मोफत शटल" लिहिलेलं म्हणून गाडी घेतली नव्हती. शटल सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये काहीच नाही, आणि तीही तीन-चार हॉटेलांचे लोक गोळा करत जाणार. दुसऱ्या दिवशी दीड वाजता लेक उन्हाने लाल झाली, आणि परत जायला रात्रीपर्यंत गाडी नाही. तिला कडेवर घेऊन एका एसी दुकानात दोन तास बसून काढले, ते मला अजून आठवतं. म्हणून मी सगळ्यांना एकच विचारते, दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असणार? जुलैत फ्लोरिडात दुपारी ऊन आणि दमट हवा, त्यात तीन-चारच्या सुमाराला बऱ्याचदा वीज-पाऊस. लहान मूल आणि वयस्कर माणसं असतील तर दुपारी खोलीवर येऊन झोपून पाचला परत जाता आलं पाहिजे. ज्या हॉटेलातून हे सहज जमेल ते तुमचं हॉटेल, आतलं असो की बाहेरचं.

दुसऱ्या वेळी आम्ही पॉप सेंच्युरीला राहिलो, तिथे स्कायलायनर आहे, म्हणजे दोरीवरचे पाळणे, मध्ये एकदा पाळणा बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं. बाबागाडी न मिटता आत ढकलता येते, बसमध्ये ती मिटावी लागते, झोपलेलं मूल हातात घेऊन गाडी मिटणं काय असतं ते आईलाच माहीत. फक्त विजा चमकायला लागल्या की स्कायलायनर थांबवतात, मग बस. आणि मॅजिक किंगडम, ॲनिमल किंगडमला तिथूनही बसच.

भटकंती_दादा

मी तुमच्या ह्यांच्या बाजूने बोलतो कारण सहा जण हा आकडा महत्त्वाचा आहे. डिस्नेच्या स्वस्त हॉटेलातल्या साध्या खोलीत चार माणसं मावतात, म्हणजे तुम्हाला दोन खोल्या, आणि त्या शेजारी-शेजारी मिळतील याची हमी नाही. साध्या खोलीत फ्रीज असतो पण मायक्रोवेव्ह नसतो. आम्ही आई-बाबांना घेऊन डेव्हनपोर्टला घर घेतलं होतं, त्यांना स्वतःची खोली, स्वतःचं बाथरूम, सकाळी निवांत चहा, ज्या दिवशी थकवा आला त्या दिवशी ते घरीच थांबले आणि पोहायच्या तलावापाशी बसले. माझे बाबा त्या घरात जेवढे खूश होते तेवढे पार्कात नव्हते. हॉटेलच्या खोलीत दिवसभर एकटं बसणं त्यांना जमलं नसतं.

पण घराचा आकडा बघताना रात्रीचं भाडं फक्त बघू नका. साफसफाईचे पैसे, टॅक्स, आणि बाहेरचं हॉटेल असेल तर रिसॉर्ट फी (हॉटेल भाड्यावर वेगळी लावतं ती), हॉटेलचं पार्किंग, वर रोज पार्कचं पार्किंग. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कचं साधं पार्किंग आणि हॉटेलात रात्रीचं स्वतः लावायचं पार्किंग, दोन्ही फुकट आहे. हे सगळं एका कागदावर मांडा, फरक वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना फ्लोरिडात गाडीत चाइल्ड सीट लागते, तीही धरा.

आणि मॅजिक किंगडमचं एक कुणी सांगत नाही. स्वतःच्या गाडीने गेलात की गाडी दारात लागत नाही, तळ्याच्या अलीकडे लावायची, मग मोनोरेल किंवा फेरीने पलीकडे जायचं. डिस्नेची बस मात्र जवळजवळ दारात सोडते. गुडघेवाल्या माणसाला हा फरक रात्री फटाके संपल्यावर कळतो, सगळी गर्दी एकदम फेरीकडे निघते तेव्हा. अर्थात तेव्हा बसलाही रांग असतेच, ते खोटं सांगत नाही.

रांगेतला_राजू

तुमचे युनिव्हर्सलचे दोन दिवस आहेत ना, तिथे हिशोब पूर्ण वेगळा आहे! पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या युनिव्हर्सलच्या तीन हॉटेलांत राहिलं की खोलीतल्या प्रत्येकाला एक्स्प्रेस पास, म्हणजे छोट्या रांगेचा पास, मिळतो, युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरसाठी, आणि तो आल्या दिवशी आणि निघायच्या दिवशी दोन्ही दिवस चालतो. म्हणजे एक रात्र राहून दोन दिवस एक्स्प्रेस. सहा जणांचा तो पास वेगळा विकत घेऊन बघा किती होतो, मग खोली महाग वाटणार नाही. फक्त २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला हा पास चालत नाही, ते पार्क थोडं लांबही आहे, मुलाला तिथेच जायचं असेल तर आधी विचार करा.

डिस्नेत असं काही फुकट मिळत नाही. तिथे आत राहण्याचा फायदा दोन गोष्टींत. एक म्हणजे रोज कुठल्याही पार्कात अर्धा तास आधी प्रवेश, आणि दुसरं लायटनिंग लेन, म्हणजे पैसे देऊन छोटी रांग, ती आतल्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी बुक करता येते, बाहेरच्यांना तीनच दिवस आधी.

चिमणी_पाखरं

सगळ्यांचे मनापासून आभार, ह्यांना धागा वाचायला दिला, पहिल्यांदाच दोघं एका कागदावर हिशोब करत बसलो! दुपारी दोन वाजता कुठे असणार हा प्रश्न सासूबाईंना पण पटला. एक शंका, अर्धा तास आधी जाऊन खरंच काही होतं का? मुलगी आठच्या आत उठत नाही.

सई_आणि_कंपनी

आठला उठत असेल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका, खरंच सांगते. त्या अर्ध्या तासाचा फायदा तेव्हाच, जेव्हा तुम्ही त्याच्याही आधी दाराशी उभे असता. आम्ही एकच दिवस केलं ते, पीटर पॅन्स फ्लाइट या राइडमध्ये लगेच बसलो, दुपारी त्याच रांगेपाशी एक तासाचा बोर्ड होता. पण बाकीचे दिवस मुलांना झोपू दिलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

तुमच्यासाठी मला आर्ट ऑफ ॲनिमेशनचा फॅमिली सुइट बरा वाटतो. त्यात सहा जण मावतात, बाथरूम दोन, छोटं किचन, मायक्रोवेव्ह आहे, आणि खाली स्कायलायनर. बंद होणारी बेडरूम एकच असते, ती आजी-आजोबांना द्या आणि तुम्ही बाहेर सोफा-बेडवर, मुलं टेबल उघडून होणाऱ्या बेडवर. आमच्या शेजारचं कुटुंब असंच राहिलं होतं.

भटकंती_दादा

सुइटला माझा विरोध नाही, पण सातही रात्री एकाच जागी काढू नका. डिस्नेच्या चार दिवसांना पाच रात्री सुइट आणि शेवटच्या दोन रात्री युनिव्हर्सलकडे, गाडीने फार तर अर्ध्या तासाचं अंतर आहे आणि सामान एकदाच हलवायचं. त्यातली एक रात्र राजू म्हणतोय तशी एक्स्प्रेसवाली घ्या. गाडीसुद्धा मग पूर्ण आठवडा लागणार नाही, तेवढे पैसे वाचले की सासऱ्यांसाठी पार्कात व्हीलचेअर घ्या. माझे बाबा आधी नको म्हणत होते, पहिल्या दिवशी अकरा वाजता स्वतःच मागितली.

चिमणी_पाखरं

हे जमतंय! ह्यांना स्वयंपाकघर हवं होतं ते मिळालं, मला पाळणे मिळाले. सासऱ्यांना व्हीलचेअरचं अजून सांगितलं नाहीये, ते सासूबाई सांगतो म्हणाल्यात. आज रात्री सुइटच्या तारखा बघते, मिळाल्या तर इथेच कळवते.